वाटेत टेकवायचं नाही

माझा बाप हट्टी आहे हे मला कळायला लागल्यापासून ठाऊक आहे. तरी त्या दिवशी लातूरच्या दवाखान्यात त्यांनी जे केलं ते पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधी बापावर, मग डॉक्टरवर, आणि सगळ्यात जास्त त्या मुकादम शिवप्पावर.

मी बुद्धप्रिया, नांदेडला फिजिओथेरपिस्ट आहे. माझे वडील केरबा, आम्ही त्यांना आबा म्हणतो, तीस वर्षं उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करतात. दिवाळीनंतर सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी त्यांच्या डाव्या खांद्यावर कोसळली. हाड वाचलं, पण खांद्यातून हाताकडं जाणारी नस ताणली गेली आणि दंडाचा स्नायू लुळा पडला. चार महिने दर रविवारी ते बसनं नांदेडला यायचे. मी त्यांच्या दंडाला ओले पॅड लावून करंटचं मशीन सुरू करायचे.

दंड पहिल्यांदा उडाला तेव्हा आबा हसले. "मी न्हाई हलवला," म्हणाले. खरंच होतं ते. एकेक ठोका सावकाश दिला की स्नायू एकदा आखडतो आणि सैल पडतो. ठोके भराभर दिले की सैल पडायला त्याला सवडच मिळत नाही आणि दंड ताठ राहतो. आपण हात वाकवतो तेव्हा मेंदूही नसेतून असेच भराभर ठोके पाठवतो. आबांच्या नसेतून त्यातले निम्मेच पोचत होते. मोकळा हात ते झटकन वाकवायचे. एक किलो दिलं की हळूहळू वाकवायचे. तीन किलो दिलं की हात जागचा हलायचा नाही, नुसता थरथरायचा. बघणाऱ्याला वाटतं, काहीच केलं नाही. पण न हललेल्या हातातला स्नायूसुद्धा राबत असतो, दमत असतो. अर्धवट जगलेल्या स्नायूला असं राबवलं तर मिळवलेलं सगळं हातचं जाऊ शकतं. हे मी आबांना पन्नास वेळा सांगितलं होतं.

म्हणून त्यांनी पाठीवरचं काम सोडून काट्यावर, पोती मोजायला बसावं असं ठरलं. त्यासाठी, हात भार पेलत नाही अशी मुकादमानं नेमलेल्या डॉक्टरची चिठ्ठी लागत होती. शिवप्पाला ती जागा मेहुण्यासाठी हवी होती, हे अख्ख्या मोंढ्याला माहीत होतं. तपासणीला तो स्वतः आला, खुर्ची ओढून समोरच बसला.

डॉक्टरनं आबांचा डावा हात कोपरात वाकवला आणि त्यात पाच किलोचं डंबेल दिलं. "एक मिनिट धरा. नाही जमलं तर ठेवा खाली."

मला हायसं वाटलं. दहा सेकंदसुद्धा जमणार नव्हतं. तेवढ्यात शिवप्पा हसत म्हणाला, "काय केरबा, निम्म्या वाटंतच टेकवतो का आता?"

हमालांचा एक कायदा आहे. पोतं एकदा पाठीवर घेतलं की थप्पीवर टाकल्याशिवाय ते जमिनीला टेकवायचं नाही. ज्याचं टेकलं, त्याच्या पाठीवर टोळीतलं कुणी पुन्हा पोतं चढवत नाही. तीस वर्षांत आबांचं एकदाही टेकलं नव्हतं. शिवप्पाला हे पक्कं ठाऊक होतं. मेल्यानं बरोबर नस दाबली.

आबांनी कोपर बरगडीत रुतवलं, खांदा कानापर्यंत ओढला, कंबर मागं कलवली आणि श्वास कोंडून धरला.

"आबा, ठेवा खाली."

"न्हाई."

"आबा, मी सांगून राहिले, ठेवा."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मिनिट भरलं. डॉक्टरनं चिठ्ठीवर लिहिलं, भार पेलतो.

"त्यांनी हातानं धरलंच नाही," मी म्हणाले. "बरगडीवर टेकून धरलं, पाठीनं धरलं. दंड बघा कसा थरथरतोय."

"मग पोतं तरी कुठं हातानं नेतात, मॅडम?" डॉक्टर म्हणाला. "पाठीवरच नेतात ना?" शिवप्पा मोठ्यानं हसला. डॉक्टर शिकून असं बोलतो याची मला आजही चीड येते.

उदगीरच्या बसमध्ये मी बापाला सोडलं नाही. "हात चालत न्हाई हे दाखवायला नेलतं तुम्हाला. मर्दुमकी दाखवायला न्हाई."

"शिवप्पाच्या पुढं टेकवू?" आबा म्हणाले. "त्यापरीस हात गेलेला बरा." बोलताना त्यांच्या डाव्या हातातून तिकीट गळून पडलं. ते उचलायलाही मी वाकले नाही, इतका राग आला होता.

सोमवारी रजा टाकून मी मोंढ्यात गेले. दगडोबाकाका, आबांच्या टोळीतले सगळ्यात जुने हमाल, आणि आणखी एकानं मिळून हरभऱ्याचं पोतं आबांच्या पाठीवर चढवलं. आबा निघाले. पंधरा-वीस पावलांवर पोत्याचा कोपरा धरलेली डाव्या हाताची बोटं उघडली. पोतं घसरून सगळा भार दुखऱ्या खांद्यावर आला. आबा दुमडले, तरी पोत्याखालून निघेनात. आणखी दोन पावलं टाकली असती तर उरलीसुरली नसही गेली असती.

मी धावले आणि दोन्ही हातांनी पोतं ओढून खाली पाडलं. ते उसवलं. हरभरा चहूकडं पसरला.

"हे धरायचं न्हाई," शिवप्पा घाईनं म्हणाला. "बाईनं पाडलं. चढवा दुसरं."

दगडोबाकाका जागचे हलले नाहीत. "कुणीबी पाडू दे. टेकलं ते टेकलं. केरबाच्या पाठीवर मी तर आता चढवत न्हाई."

दुसराही मागं सरकला. मग तिसरा. आबा नोंदलेले हमाल होते, त्यांना टोळीतून काढता येत नव्हतं; उरला फक्त काटा. शिवप्पानं सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "जा, बस काट्यावर."

आबा हरभऱ्यात उभे होते. डावा हात लोंबत होता. चारचौघांत असं त्यांच्याकडं बघायची कुणाची कधी हिंमत झाली नव्हती, आणि आज सगळे बघत होते.

"ह्या पोत्यांवर तुला शिकवलं," ते म्हणाले. "माझंच पोतं पाडायला शिकलीस व्हय?"

"हाव आबा," मी म्हणाले. "त्याच्यासाठीच शिकले."