कोंडाजींनी रानमोडीला दिलेले आमंत्रण

सर्व सुज्ञ वाचकांस प्रथम नमस्कार करून निवेदन करण्यात येते की, पुढील कथेत दहिवलीचे शेतकरी कोंडाजी यांच्या नाकातून वास कसा नाहीसा झाला, तो परत मिळावा म्हणून त्यांनी कोणता उपाय केला आणि त्या उपायात त्यांच्या हातून कोणती मोठी चूक घडली, याचे वर्णन येईल. गुण वनस्पतीचा, मनाचा की बागेत घालवलेल्या वेळेचा, याचा निर्णय ज्याचा त्याने करावा.

भातकापणीच्या सुमारास कोंडाजींना ताप आला आणि काही दिवसांनी उतरला. तेव्हापासून त्यांना घरचे अन्न बेचव लागू लागले. सून हर्षला हिच्या हाताची चव गेली, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आमटी अळणी, मासळीत दम नाही, भात म्हणजे निव्वळ पेंढा, असे ते रोज ताटावर बसून बोलत. हर्षला मीठ वाढवी, मसाला बदली, पण उलट उत्तर देत नसे. मुलगा राजेश कुंभिवलीच्या कारखान्यातून पाळी करून येई आणि तीच आमटी बोटे चाटून खाई. हा बायकोच्या धाकाने जेवतो आहे, असे कोंडाजींना वाटे.

एके दुपारी हर्षलाने दूध तापत ठेवले आणि सासऱ्यांना लक्ष ठेवायला सांगून ती कपडे वाळत घालायला गेली. कोंडाजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाठमोरे बसून वर्तमानपत्र वाचत होते. दूध उतू गेले, उरलेले करपले, पातेले काळे पडले आणि करपट वास पार गल्लीपर्यंत गेला. हर्षला धावत आली, तेव्हा कोंडाजी शांतपणे पान उलटत होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. आमटीचा काही अपराध नव्हता, हे त्या क्षणी दोघांनाही कळून चुकले.

तदनंतर कोंडाजींनी स्वतःची परीक्षा आरंभली. हिंगाची डबी हुंगली, फिनेलची बाटली हुंगली, सुक्या बोंबलांच्या पिशवीत तर तोंडच घातले, तेव्हा घरचे मांजर त्यांच्याकडे संशयाने पाहू लागले. परंतु वास म्हणून काही येईना. कर्जतच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की तापानंतर कित्येकांचे असे होते, वास परत येईल, पण केव्हा ते सांगता येत नाही.

केल्या कर्माची भरपाई म्हणून कोंडाजी आता प्रत्येक घासाची स्तुती करू लागले. हर्षलाने थोडे दिवस ऐकून घेतले आणि एका रात्री पळी खाली ठेवली.

"बाबा, कळत नाय त्याला छान म्हनू नका. त्यापरीस नावं ठेवत व्हतात ते बरं व्हतं. तवा निदान वाटायचं, मनापासून बोलताय."

हे शब्द कोंडाजींच्या काळजात रुतले. सुनेच्या अन्नाविषयी आपल्या तोंडून एक तरी खरा शब्द निघावा, एवढीच इच्छा त्यांच्या मनात उरली.

सबब ते झाडपाल्याची औषधे देणाऱ्या भिसेगावच्या सोनुबाईंकडे गेले. सोनुबाईंच्या परसात अडुळसा, निर्गुडी, गवती चहा अशी पुष्कळ झाडे होती. त्यांनी आधी डॉक्टरकडे जाऊन आलात का हे विचारले आणि मगच रानतुळशीचे नाव काढले. मात्र रीत अशी की औषधाचे झाड अचानक तोडायचे नाही. आदल्या सांजेला त्याच्या बुंध्याशी अक्षता आणि सुपारी ठेवायची, हात जोडायचे आणि "उद्या सकाळी न्यायला येतो, माझ्या कामासाठी चल" असे सांगून यायचे. रानतुळस कुंपणापाशी होती. त्याच सांजेला सोनुबाई चुलीपाशी गुंतल्या असता कोंडाजी एकटेच तिकडे गेले आणि त्यांनी मोठ्या भक्तिभावाने आमंत्रण दिले.

सकाळी दोघे कुंपणापाशी आले. सुपारी आणि अक्षता जागच्या जागी होत्या, परंतु त्या रानमोडीच्या बुंध्याशी होत्या. ज्या रानमोडीला शेतकरी बांधावरून उपटून फेकतो, ती उग्र वासाची, कुणी न लावलेली रानमोडी कुंपणाबाहेरून आत घुसली होती. रानतुळस शेजारीच उभी होती. कोंडाजींनी आयुष्यभर अंधारात पाला ओळखला तो हाताला लागलेल्या वासावरून, आणि नेमका वासच त्यांच्यापाशी उरला नव्हता.

सोनुबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "दादा, नवरीला आनायला गेलात आनि करवलीला घिऊन आलात."

चूक सुधारून आता रानतुळस खुडावी, असे कोंडाजींनी सुचवले. सोनुबाईंनी मान हलवली. बोलावलेल्या झाडाला डावलून दुसऱ्याला हात लावायचा नाही, असे त्यांच्या सासूने त्यांना शिकवले होते. शिवाय रानमोडी पोटात घेण्याची वस्तू नव्हे. पुष्कळ विचार करून त्यांनी तोड काढली. कोंडाजींनी रोज सकाळी इथे येऊन बसावे, रानमोडीचे एक पान चुरडून नाकाशी धरावे आणि त्या पानाशी जोडलेले जे काही आठवेल ते आठवावे. गुण येईलच असे त्या म्हणाल्या नाहीत.

कोंडाजी नदीचा पूल ओलांडून रोज येऊ लागले. पान चुरडत, डोळे मिटत, काही येत नसे. मग ते नुसतेच बसून राहत. पानफुटीच्या पानाच्या कडेला नवी रोपे कशी फुटतात, मुंग्या अडुळशावर का चढतात, हे त्यांना पूर्वी कधी पाहायला मिळाले नव्हते. एकदा त्यांनी विचारले की आपण आमंत्रण देतो ते झाडाला कळते काय?

"झाडाला कळतं का नाय, मला ठावं नाय," सोनुबाई म्हणाल्या. "बोलावनाऱ्याला मात्र कळतं, उद्या आपल्याला यायचं हाय."

थंडी ओसरू लागली. एका सकाळी पान नाकाशी धरले असता कोंडाजींना त्यांची दिवंगत पत्नी येसूबाई आठवली. लग्नानंतरच्या पहिल्याच कापणीत त्यांच्या पायाला विळा लागला होता आणि येसूबाईने रानमोडीचा पाला चुरून जखमेवर दाबला होता. तिचे हिरवे झालेले हात त्यांना दिसले आणि पाठोपाठ काहीतरी कडवट, कच्चे, उग्र असे नाकात शिरले.

हा वास की केवळ आठवण, हे त्यांना उमगेना. त्यांनी डोळे मिटले आणि सोनुबाईंना वेगवेगळी पाने नाकाशी धरायला सांगितले. आंब्याचे पान आले, तेव्हा काहीच आले नाही. निर्गुडी आली, काही नाही. नंतर पुन्हा तो उग्रपणा आला.

"ही माझीच पाव्हनी," कोंडाजी म्हणाले. डोळे उघडले, तर सोनुबाईंच्या चिमटीत रानमोडी होती.

ते घाईघाईने घरी निघाले. वाटेत कशाचाच वास येईना, तेव्हा मनाने घेतले की सारा भासच असावा. अशा विवंचनेत ते दारात आले. आत हर्षला आमटीला फोडणी देत होती आणि राजेशचा फोन आल्याने खिडकीपाशी बोलत उभी होती. कोंडाजी चपला काढता काढता थबकले.

"हर्षला," त्यांनी हाक मारली, "लसूण करपला गं."

तिने वळून कढईत पाहिले. लसूण काळा पडला होता. तिने आधी गॅस बंद केला, मग फोन ठेवला आणि सासऱ्यांकडे पाहत राहिली. बाहेरच्या उंबऱ्यापासून कढई दिसत नव्हती.

"लई करपला का?" तिने हळूच विचारले.

"लई. कडू झाला आसंल."

ती दुसरी फोडणी करायला निघाली, पण कोंडाजींनी करू दिली नाही. त्यांनी त्याच फोडणीची आमटी भातावर ओतून घेतली आणि प्रत्येक घासाला तिला नावे ठेवली. हर्षला समोर बसून डोळे पुसत हसत होती, आणि कढईतले संपेपर्यंत वाढत होती.

येथे ही कथा पूर्ण होते. आपण आपला अमूल्य वेळ देऊन ती वाचलीत, याबद्दल मी आपला अत्यंत आभारी आहे.

आपला नम्र,
नागू हिरू भोईर
भिसेगाव, कर्जत