आजूबाजूचे शब्द

“सूनबाई, ‘वडिलांना कसं पटवायचं’ हे कोण विचारतंय?”

बाबांनी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, पण त्यांची नजर स्क्रीनवरून हलली नाही. सून गॅस बंद करायला उठली, तेवढ्यात त्यांनी तिच्या कॉम्प्युटरमध्ये डोकावून घेतलं होतं. सर्चच्या चौकटीत ते वाक्य आणि खाली त्याची भावंडं: वृद्धाश्रम कसा निवडावा, वडील तयार नसतील तर काय करावं.

“कामाचं आहे, बाबा. एका वृद्धाश्रमाच्या वेबसाइटसाठी लेख लिहितेय.”

“असं होय,” बाबा म्हणाले. बाबांचं ‘असं होय’ म्हणजे विश्वास बसलेला नाही, असं समजायचं. कारखान्याच्या गेटवर कामगारांच्या पिशव्या तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. डब्यात पितळेचे नट घेऊन निघालेला माणूससुद्धा तोंड वर करून ‘काही नाही साहेब, डबा आहे’ म्हणायचा.

त्या दिवसापासून बाबांची गस्त सुरू झाली. सून फोनवर हळू बोलली की त्यांना नेमकी गॅलरीतल्या कुंड्यांची आठवण यायची. “बाबा, तुमच्या गोळ्या किती उरल्यात?” असं तिने विचारलं, तर “का, कुठे पाठवायच्यात?” असा उलटा प्रश्न. मुलाला मात्र त्यांनी चकार शब्दाने विचारलं नाही. पोरगं भोळं, बायको सांगेल त्याला मान डोलावणारं, असं त्यांचं पक्कं मत होतं. खरं म्हणजे ते घाबरले होते. हे घर सोडून जावं लागेल, एवढीच ती भीती, पण ती बोलून दाखवायची लाज वाटत होती. मग रागावर निभावून नेत होते.

शेवटी सूनच वैतागली. खुर्ची ओढून म्हणाली, “बसा इथे. मी काय करते ते एकदा बघाच.”

लेख शोधणाऱ्याला वर दिसावा म्हणून एकच शब्द सतरा वेळा कोंबला की सर्च इंजिन उलट त्याला मागे ढकलतं आणि वाचणाराही पळून जातो, तिने समजावलं. म्हणून त्या शब्दाच्या आजूबाजूचे शब्द घ्यायचे, माणसं खरोखर शोधतात ते, आणि तेही बोलता बोलता आल्यासारखे बसवायचे. मग तिने स्वतःच्या लेखाची जमेल तशी केलेली सुरुवात वाचून दाखवली. ज्येष्ठांसाठी सर्वोत्तम निवासव्यवस्था, ज्येष्ठांसाठी सुरक्षित निवासव्यवस्था...

“हे काय गं? गोदाम भाड्याने द्यायचंय का?”

ती खळखळून हसली. “मग तुम्ही सांगा की.”

बाबांनी थोडे आढेवेढे घेतले. “लिही, दिवसभर घरात एकटेच असतात. जिना उतरवत नाही. गॅस चालू राहतो.” जरा थांबून म्हणाले, “आणि लोक काय म्हणतील, हेही घाल. पहिलं तेच मनात येत असेल बघ.”

ती लिहीत गेली. बाबांना गंमत वाटू लागली. ‘परत घरी आणता येतं का’ हे त्यांनीच सुचवलं, तेव्हा ती घुटमळली, पण तेही बसवलं. संध्याकाळी लेख पुरा झाला. इतके दिवस आपण पोरीवर उगाच पाळत ठेवली, या विचाराने बाबा ओशाळले. “तू बस, चहा मी टाकतो,” म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले.

तेवढ्यात मुलगा कामावरून आला. “वाच ना, कसा झालाय,” बायको म्हणाली. तो उभ्याउभ्याच वाचायला लागला. मग बसला. शेवटापर्यंत गेला आणि पुन्हा वर आला.

“छान लिहिलंयस.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “हे ठिकाण घरापासून किती लांब आहे गं?”

“अरे, क्लायंटचा लेख आहे तो!”

“माहितेय. विचारलं नुसतं.”

बाबा चहाचा ट्रे घेऊन दारातच उभे होते. त्यांनी पुढे येऊन तो टेबलावर ठेवला. मुलाने मान वर केली नाही. सुनेने केली आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“हे राहिलंच की आपलं,” बाबा तिला म्हणाले. “घरापासून किती लांब. घाल तेही. लोक विचारतात.”

तिचे हात मांडीवरून हलेनात. मग बाबाच तिच्या शेजारी बसले आणि एका बोटाने एकेक अक्षर शोधत लिहू लागले.