खुर्च्या मोजून घेतलेली लायसन्सं

मित्रांनो, कोथरूडमधल्या एका ऑफिसात पाण्याच्या फिल्टरशेजारी जे काळं खोकं दिवसभर घुरघुरतं ना, तो मी, एक जुना सर्व्हर. या ऑफिसात सोसायट्यांचे हिशेब लिहिले जातात. टेबलांवर दिसतात ते नुसते पडदे. खरे आठ कॉम्प्युटर माझ्या पोटात राहतात. म्हणून माणूस कुठूनही आपला कॉम्प्युटर उघडू शकतो. सात जण ऑफिसातून उघडतात आणि आठवी शेफाली येरवड्याच्या घरातून, कारण तिच्या दीड वर्षाच्या तनुजाला सांभाळायला दुसरं कोणी नाही.

कारखान्यातून नवा कोरा आलो तेव्हा माझा थाट काय वर्णावा! मालक रणजितशेठ पाहुण्यांना मुद्दाम माझ्यापुढे आणून उभं करायचे. खंडेनवमीला झेंडूचा हार नेमका माझ्या पंख्यावर चढायचा आणि भक्तीने माझा जीव गुदमरायचा. पुढे कौतुक आटलं आणि डोक्यावर चहाचे कप आले.

शेठचा मूळ धंदा मंडप आणि खुर्च्या भाड्याने देण्याचा. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट ते खुर्च्यांतच मोजतात. यंदा मार्चमध्ये त्यांच्यापुढे दोन बिलं आली. एक लायसन्सचं: माझ्या पोटातला कॉम्प्युटर वापरणाऱ्या प्रत्येक माणसामागे दरवर्षी भरायची रक्कम. दुसरं माझ्या देखभालीच्या कराराचं. म्हैस विकत घेतली तरी पेंड रोज लागते, हे शेठना घरचं ज्ञान. पण माझ्या बाबतीत ते काही केल्या पटेना.

"सर्व्हिसवाला वर्षात किती येळा आला?" त्यांनी हेडक्लार्क नंदाताईंना विचारलं.

"एकदाही नाही."

"मग पैसे कशाचे?"

"विमा काढलाय म्हणून मरून बघायचं का, शेठ?"

शेठ उठले आणि ऑफिसातल्या खुर्च्या मोजून आले. सात भरल्या. आठवं लायसन्स कापलं, करारही कापला. लायसन्स माणसाचं असतं, खुर्चीचं नव्हे, हे नंदाताईंनी परोपरीने सांगून पाहिलं. त्यावर शेठचं उत्तर असं, "ज्याला बसायला खुर्ची न्हाय, त्यो माणूस कसला?"

सोमवारी शेफाली घरून दार ठोठावत राहिली. तिचा कॉम्प्युटर माझ्या पोटातच होता, पण मला दार उघडता येईना. तिने फोन केला, तर शेठनी दोन रस्ते दाखवले: ऑफिसात येऊन बसा, नाहीतर नोकरी सोडा. तिच्या घरात पगार तेवढा एकच होता.

मंगळवारी ती आली. कडेवर तनुजा, दुसऱ्या हातात घरची लाल प्लॅस्टिकची खुर्ची. ती तिने बरोबर शेठच्या केबिनच्या दारात मांडली, वर बसली आणि म्हणाली, "मोजा."

शेठ मोजेपर्यंत तनुजा खाली उतरली होती. तिला माझं लुकलुकणारं हिरवं बटण दिसलं. तिने अख्ख्या पंजाने ते दाबलं आणि दाबूनच धरलं. मित्रांनो, मी विझलो. पुढचं मला पाणी प्यायला येणाऱ्यांच्या गप्पांतून कळलं.

सातही पडदे काळे झाले. संध्याकाळी एका सोसायटीची वार्षिक सभा होती आणि तिचा ताळेबंद माझ्या पोटात. मला पुन्हा चालू केलं, तर मी अर्ध्यातच अडकलो. सर्व्हिसवाल्या सुदर्शनला फोन गेला. करार नाही म्हटल्यावर त्याने एका फेरीचे पैसे आधी मागितले, ते वर्षाच्या कराराच्या निम्म्याहून जास्त. मला शुद्धीवर आणून तो शेठना म्हणाला, "करारात मी न येण्याचे पैसे घेतो, ते स्वस्त पडतात."

शेठ बिलाकडे बघत असतानाच तनुजा पुन्हा माझ्याकडे निघाली.

"उद्यापासून आम्ही दोघी रोज येऊ," शेफाली शांतपणे म्हणाली. "वेळेच्या आधीच येऊ."

शेठनी आधी तनुजाला उचललं, मग नंदाताईंना हाक मारली. त्याच दुपारी आठवं लायसन्स भरलं गेलं, करारही झाला.

"ताई, तुम्ही घरूनच बघा," ते शेफालीला म्हणाले. "खुर्ची तेवढी ऱ्हाऊ द्या. पुढल्या मार्चला मोजायला लागंल."

मित्रांनो, तुमच्याही घरात किंवा ऑफिसात माझ्यासारखा कोणी गुपचूप राबत असेल. त्याची काळजी तो बंद पडण्याआधी घ्या, आणि जो डोळ्यांना दिसत नाही त्यालाही कामात धरा. ती लाल खुर्ची हल्ली माझ्या शेजारी रिकामी असते. कोणी तिच्यावर टेकायला गेलं की नंदाताई मान वर न करता म्हणतात, "उठा. तिथे शेफाली बसलीय."