फाट्याचा अर्थ

राजधानीतल्या केंद्र सरकारच्या कचेरीत मी एकतीस वर्षं मराठीचं हिंदी केलं. चंद्रप्रभाबाईंचा कागद तपासायला लागत नाही, असं वरचे साहेब म्हणायचे आणि ते मला फार आवडायचं. म्हणून निवृत्तीनंतर गुडगावकडच्या एका पोलीस ठाण्यातून भाषांतरासाठी बोलावणं आलं, तेव्हा मी इस्त्रीची साडी नेसून ऐटीत गेले.

राजीव नावाच्या एका अधिकाऱ्याला ऑफिसजवळच्या वळणावर मोटरसायकलवरून आलेल्या दोघांनी सळईनं मारलं होतं. तोंडं रुमालानं बांधलेली. संशय त्याच्या हाताखालच्या दोन मराठी मुलांवर होता, कारण आदल्याच दिवशी त्यानं त्यातल्या अनिशचा सगळ्यांसमोर पाणउतारा केला होता. दुसरा, पुण्याचा सुधन्वा, यानं त्या संध्याकाळी अनिशला पाठवलेला मेसेज ठाणेदारानं माझ्यापुढे ठेवला. "राजीवला फाट्यावर मार. तू जेवून घे."

मला काहीच अडलं नाही. आमच्या गावाचा फाटा विट्याच्या रस्त्यावर होता, एसटी तिथंच सोडायची. मी लिहिलं, 'राजीव को मोड़ पर मारो. तुम खाना खा लो.'

"मैडम, पक्का?" ठाणेदारानं विचारलं.

"बिल्कुल. मातृभाषा है मेरी."

बाकावरचा सुधन्वा ताडकन उठला. "काकू, तसं नसतं हो ते! फाट्यावर मार म्हणजे..."

"मला मराठी शिकवतोस?" मी म्हटलं आणि झोकात सही केली. दोघांना कोठडीत टाकल्याचं नंतर कळलं. मला वाईट वाटलं नाही, उलट बरं वाटलं.

पुढच्या रविवारी नोएडाला नोकरी करणारी माझी भाची मयुरा जेवायला आली. मी थालीपीठं लावत होते, ती ओट्याला टेकून घरमालकिणीचं गाऱ्हाणं सांगत होती. "रोज काहीतरी काढते यार मावशी. मी तर तिला सरळ फाट्यावर मारते."

"कुठल्या फाट्यावर?"

हसता हसता तिला ठसका लागला. "अगं, कुठल्याच नाही! फाट्यावर मारायचं म्हणजे किंमतच द्यायची नाही, दुर्लक्ष करायचं. पुण्यात सगळेच म्हणतात."

थालीपीठ तव्यावर करपलं. म्हणजे मेसेज एवढाच होता: त्या साहेबाकडे लक्ष देऊ नकोस, तू जेवून घे. मित्र जेवला नाही म्हणून एका मुलाचा जीव तुटत होता, आणि मी त्याच्या मायेची सुपारी करून ठेवली होती. खरं सांगते, तरीही पहिला विचार मनात आला तो माझ्या सहीचाच. आता सगळे काय म्हणतील? मग त्या पोराचं "काकू" आठवलं आणि माझी मलाच लाज वाटली.

सोमवारी मुलांच्या वकिलाला गाठून कोर्टात उभी राहिले. न्यायाधीशांनी माझा जुना कागद वर धरला. "आपने तो पक्का कहा था."

"जी. गलत कहा था," मी म्हटलं. आयुष्यात हे वाक्य मी पहिल्यांदाच बोलत होते.

जामीन मिळाला. तोवर नऊ दिवस गेले होते आणि दोघांच्या नोकऱ्याही गेल्या होत्या. बाहेरच्या व्हरांड्यात मी सुधन्वाला गाठलं. दाढी वाढलेली, अंगावर तोच शर्ट.

"चुकले रे मी," हात जोडून म्हटलं. "तू सांगत होतास, मी ऐकून घेतलं नाही."

तो माझ्याकडे बघेना.

"कोई बात नहीं, मैडम," तो म्हणाला.

तेवढ्यात मागून अनिश आला. "चल रे, काहीतरी खाऊन घेऊ. कालपासून जेवला नाहीस तू."

सुधन्वानं दारातल्या हवालदाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि आपल्या मित्रालाही त्यानं हळू आवाजात हिंदीतच उत्तर दिलं, "भूख नहीं है."