दुकानदाराचं पाणी

"हे तुझंच ना?"

शैलेंद्रनं फोन टेबलावरून दीपेशकडे सरकवला आणि आपल्या कोपीत, म्हणजे सिंगापुरी कॉफीत, उगाचच चमचा फिरवत बसला.

दीपेशनं फोनकडे पाहिलं. खरं तर पाहायची गरज नव्हती. वर हिरवी पट्टी, खाली त्याच्या बायकोचा, इराचा फोटो, डोक्याला निळा रुमाल बांधलेला, आणि त्याखाली इंग्रजीत तिची ओळख: मी पेशंट आहे, माझं औषध मी विकत घेते. शेजारून जाताना कुणाचा तरी ट्रे दीपेशच्या खांद्याला लागला, तर दीपेशच सॉरी म्हणाला. तो असाच होता. दुसऱ्यानं त्याच्या पायावर पाय दिला तरी सॉरी म्हणायचं काम ह्याचंच.

"इराचं आहे," तो म्हणाला.

"इरा गेली, दीपेश. साइट तुझ्या नावावर आहे. कॅलिफोर्नियातल्या गांजाच्या दुकानांचे रिव्ह्यू! आणि राहतोस कुठे? विमानातून उतरताना कार्ड भरतो ना, त्यावर लाल अक्षरांत ड्रग्जला फाशी असं लिहिलंय, ते वाचलंयस ना?"

"अरे, तिकडे ते डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळायचं. कीमोच्या उलट्या थांबायच्या तिच्या..."

"मला माहितीये रे. मला नको सांगूस." शैलेंद्रचा आवाज खाली आला. "टीममधल्या नव्या मुलानं तुझं नाव गूगल केलं आणि नशीब, मलाच आणून दाखवलं. तुझा इथला कामाचा परवाना, ईपी, रिन्यू व्हायचाय. कायदा काय म्हणतो मला ठाऊक नाही, आणि मी विचारायलाही जाणार नाही. पण उद्या एचआरला कळलं तर? तुझ्या कागदावर सही माझी असते. अनुजाची शाळा आहे. काढून टाक ते."

दीपेशनं मान हलवली. इरा गेल्यावर सात वर्षांच्या पोरीला, अनुजाला घेऊन तो सॅन होजेत नुसता बसून राहिला होता, तेव्हा ह्याच शैलेंद्रनं खटपट करून त्याला सिंगापूरला आणलं होतं. शैलेंद्रची बायको प्रणिता बुकित तिमाहून वुडलँड्सला त्याच्या घरी डबे घेऊन यायची, अनुजाच्या वेण्या घालून जायची. खाल्ल्या मिठाला जागणं म्हणजे काय, हे दीपेशला कुणी शिकवायला नको होतं.

"एक कंपनी विकत मागतेय साइट," तो म्हणाला. "बरेच दिवस मागे लागलेत."

"मग विक ना! तुझं नाव जाईल, इराचं लिहिलेलं राहील. प्रश्न मिटला."

"एक रिव्ह्यू काढायला सांगतायत."

"एकच? काढ की मग! एवढ्या शंभरातला एक." शैलेंद्रनं कोपी संपवली. "कुठला?"

"वॉल्टरच्या दुकानाचा," दीपेश म्हणाला. शैलेंद्रला त्यातून काही कळलं नाही, आणि दीपेशनंही पुढे सांगितलं नाही.

इराचे वडील सातारा जिल्ह्यात वजनमाप निरीक्षक होते. गावोगावच्या दुकानांतले तराजू आणि मापं तपासायची नोकरी. दौऱ्यावर निघताना ते फिरकीचा तांब्या भरून घ्यायचे. दुकानदार चहा मागवायचा, निदान पाणी तरी घ्या म्हणायचा, आणि हे शांतपणे आपला तांब्या उघडायचे. "खाल्ल्या मिठाला जागावं लागतं," असं म्हणायचे, "मग मीठ खावंच कशाला?" अशा माणसाचं प्रमोशन कधी होतं का? झालं नाही. पण त्यांच्या सहीच्या तराजूवर सोनं घ्यायला लोक डोळे मिटून जायचे.

इरा त्यांचीच मुलगी. अमेरिकेत ती नवऱ्याच्या व्हिसावर गेलेली, नोकरीची परवानगी नाही, दिवस खायला उठायचा. मग आजार निघाला. कीमो सुरू झाली आणि पोटात पाणी ठरेना, तेव्हा डॉक्टरांनीच तिला चिठ्ठी दिली. घरात त्या औषधाला गांजा म्हणायची जीभ कुणाची रेटेना, म्हणून दोघं त्याला पाला म्हणू लागली. पाला मिळायची दुकानं तेव्हा सॅन होजेत पावसाळ्यात कुत्र्याच्या छत्र्यांसारखी उगवली होती. कुठलं खरं, कुठलं खोटं, आजारी माणसाला कळायला मार्ग नाही. इंटरनेटवर कौतुक लिहिणारे सगळे दुकानाचं फुकट खाल्लेले.

इरानं ठरवलं, आपण लिहायचं. ती नाव न सांगता गिऱ्हाईक म्हणून जायची, पूर्ण पैसे देऊन घ्यायची, दोनदा गेल्याशिवाय लिहायची नाही. फुकटचा नमुना परत करायची. प्यायच्या पाण्याची बाटलीसुद्धा घरून न्यायची. कीमोनंतर तोंड कोरडं पडलेलं, समोर थंड पाण्याचं मशीन, आणि ही पर्समधून कोमट पाणी काढून प्यायची. दीपेश गाडीत बसून वाट पाहायचा. पाल्याच्या दुकानांना तिकडे डिस्पेन्सरीच म्हणतात, म्हणून साताऱ्याला आईला फोनवर सांगितलं होतं, मी इथल्या डिस्पेन्सऱ्या तपासते. आई खूश. डॉक्टरांचे दवाखाने तपासते म्हणजे मोठंच काम.

वॉल्टरचं दुकान घरापासून चार पावलांवर होतं आणि वॉल्टर स्वभावानं लाख माणूस. इरा दिसली की रांगेतून पुढे घ्यायचा, आधाराला हात द्यायचा. वाईट दिवसांत ती तिथंच जायची, कारण तेवढंच जमायचं. एकदा तिथून आणलेल्या पुडीत तिला बुरशी दिसली. ती पुन्हा जाऊन पुन्हा घेऊन आली. पुन्हा बुरशी. कीमो चालू असलेल्या माणसाच्या छातीत ती बुरशी गेली तर काय होतं, ते तिच्या डॉक्टरांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं. तिनं वॉल्टरला सांगितलं. तो म्हणाला, बघतो. तिसऱ्या खेपेलाही तेच.

"लिहू नकोस," दीपेश तिला म्हणाला होता. "आपण दुसरीकडून घेऊ, पण लिहू नकोस. उद्या उठता आलं नाही तर हेच एक दुकान आहे आपल्याला."

"मला आहे तसं अजून कुणाला तरी असेल ना हेच एक," इरा म्हणाली. "त्या माणसाला कोण सांगणार?"

तिनं लिहिलं. वॉल्टरचा धंदा बसला, आणि त्यानं इराला निरोप पाठवला, पुन्हा येऊ नका. त्यानंतरचं चांगलं दुकान तासाभराच्या रस्त्यावर होतं. शेवटच्या महिन्यांत तिला गाडीत बसवत नव्हतं आणि दुकान पेशंटशिवाय दुसऱ्याच्या हातात देत नव्हतं. काही दिवस तिनं पाल्याशिवाय काढले. ते दिवस दीपेशनं बादली धरून पाहिले होते. इराचं सगळं त्याला पटायचं, हे एक सोडून. ह्या एका गोष्टीचा राग त्यानं तिच्याबरोबर जाळला नाही, जपून ठेवला.

आणि तरी साइट चालू ठेवली. लोक लिहायचे, हा त्यांच्या शब्दावर विश्वास न ठेवता दुकानांना गिऱ्हाईक म्हणून फोन करून खात्री करायचा. रोझा नावाची एक बाई सर्वांत नेमानं लिहायची. साइट तिच्या नावावर करावी असं त्याच्या मनात आलं होतं; गेल्या काही महिन्यांत तिचं उत्तर येणं थांबलं. असे एकेक थांबत गेले होते. आजारी माणसांनी आजारी माणसांसाठी चालवलेलं काम, त्यात दुसरं काय होणार?

रविवारी सकाळी वॉल्टरचाच फोन आला. तिकडे शनिवारची संध्याकाळ होती. विकत मागणारी कंपनी म्हणजे आता तोच होता, दुकानांची साखळी झाली होती.

"मला तुमची बायको आवडायची," तो म्हणाला. "तिनं खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही. तेव्हा मला साठवणं जमत नव्हतं. आता माझ्याकडे प्रयोगशाळा आहे, प्रत्येक पुडी तपासून जाते. ते एक पान काढा. बाकी अक्षरालाही हात लावणार नाही. पहिल्या पानावर तिचा फोटो राहील."

दीपेशला त्याच्या आवाजात लबाडी सापडेना. सापडली असती तर बरं झालं असतं. जे लिहू नकोस म्हणून तो बायकोच्या विनवण्या करत होता, तेच आता पुसायला कुणी तरी सांगत होतं. इरा जगात राहत होती. ईपी वाचत होता. शैलेंद्रची मान मोकळी होत होती. त्यानं हो म्हणायला तोंड उघडलं, आणि म्हणाला, "सॉरी, थोड्या वेळानं करतो फोन."

मागे वळून पाहतो तर अनुजा त्याच्या लॅपटॉपपुढे मांडी घालून बसलेली. तिनं फोनवरचं सगळं ऐकलं होतं. वाचता वाचता ती एकदम खो खो हसली.

"बाबा, हे आईनं लिहिलंय? ऐक ना. 'ब्राउनी दिसायला छान होती. चवीबद्दल मला विचारू नका, ती फुकट होती.' सो फनी, लाह!"

"हं."

"आणि हे. 'काउंटरवरचा मुलगा मला ड्यूड म्हणाला. माझ्या डोक्यावर केस नाहीत, त्यामुळे त्याला माफ केलं.'" तिनं मान वर केली. "तू मला कधी सांगितलंच नाहीस, आई अशी फनी होती म्हणून."

 दीपेशनं पोरीला आईचं काय सांगितलं होतं? किती सोसलं, किती धीराची होती, एवढंच. हार घातलेल्या फोटोबद्दल सांगतात तेवढं. घरात जी बाई सगळ्यांची नक्कल करायची, ती त्यानं पोरीला दिलीच नव्हती. त्याला स्वतःचा फार राग आला.

तो तिच्याशेजारी फरशीवर बसला. अनुजा एकामागून एक वाचत गेली, तिच्या त्या शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत, आणि हसत राहिली. तोही एकदोनदा हसला. मग वॉल्टरचं पान आलं. त्यात विनोद नव्हता. वॉल्टर चांगला माणूस आहे, माझ्याशी फार प्रेमानं वागतो, असं सुरुवातीलाच लिहिलं होतं. मग पुड्यांचं. शेवटी, हे दुकान माझ्या घराला सर्वांत जवळ आहे आणि मी आता तिथे जाणार नाही, एवढंच.

अनुजानं विचारलं, "मग कुठे गेली ती?"

"लांब. तासाभरावर."

"आजारी असून?"

"हो."

"तिला माहीत होतं असं होणार? तरी पोस्ट केलं?"

"मी नको म्हणत होतो," दीपेश म्हणाला. "तिनं ऐकलं नाही."

अनुजानं त्याच्याकडे पाहिलं. "म्हणून तू हे डिलीट करणार?"

प्रश्न साधा होता, पोरीनं तो रागावून विचारला नव्हता. दीपेश उठला आणि त्यानं वॉल्टरला फोन लावला. विकायचं नाही म्हणाला. मग ठेवणार का, असं वॉल्टरनं विचारलं. नाही, इथे राहून ती ठेवता येत नाही, बंद करतोय म्हणाला.  मग वॉल्टर म्हणाला, ह्यात तुम्हाला काय मिळालं ते मला कळलं नाही. दीपेशलाही ते नीट सांगता आलं नसतं. सवयीनं सॉरी तोंडावर आलं होतं, ते मात्र त्यानं गिळलं.

लिहिलेलं सगळं त्यानं अनुजासाठी उतरवून घेतलं. बंद करण्याआधी एकदा मेल उघडली, तर सकाळीच एक पत्र येऊन पडलं होतं. सॅन होजेतली कुणी बाई. नवऱ्याची कीमो सुरू झालीय. घराजवळ वॉल्टरचं दुकान आहे, नवं कोरं, स्वच्छ दिसतं, पण तुमच्याकडचं जुनं वाचलं आणि पाऊल उचलेना. तुम्ही कुणाचे मिंधे नाही असं ऐकलंय. तिथे जावं की नाही?

दीपेशनं लिहिलं, जाऊ नका. लिहून पुरतं समाधान झालं, पण तो जुना राग होता, म्हणून त्यानं ते खोडलं. आता सुधारलंय, प्रत्येक पुडी तपासतात, असं लिहिलं. तेही खोडलं, ते वॉल्टरचं म्हणणं होतं. खालून मलेशियातल्या जोहोरकडे जाणाऱ्या लॉऱ्यांचा आवाज येत होता. अखेर त्यानं लिहिलं, ते वाचलंत ते तेव्हा खरं होतं. आज तिथे कसं आहे ते मला माहीत नाही. मी पाहिलेलं नाही.

"हे तिला काय उपयोगाचं?" खांद्यावरून वाचत अनुजा म्हणाली.

"काही नाही."

"मग ती कुणाला विचारेल?"

दीपेशनं पत्र पाठवलं. मग साइट बंद केली, मेलचा पत्ताही बंद केला. हिरवी पट्टी गेली, इराचा फोटो गेला, पडदा पांढरा झाला.

"बाबा, तिनं परत काही विचारलं तर?"

"आता ते आपल्यापर्यंत येणार नाही," दीपेश म्हणाला, आणि पोरीला जवळ घेऊन त्या पांढऱ्या पडद्यापुढे बसून राहिला.