नऊ फुटांची लेन्स

माझ्या नाकावर कायम राग असतो, हे आमच्या बँकेतला शिपाईसुद्धा सांगेल. आप्पांशी मी दोन वर्षं जशी वागले त्याचं म्हणूनच कुणाला नवल वाटलं नाही. मला मात्र आज आठवलं की लाज वाटते.

आप्पा म्हणजे माझे वडील, मधुसूदन. साताऱ्याहून १९७१ साली लखनौच्या एका वनस्पतिशास्त्र संस्थेत आले, आणि निवृत्तीनंतर लखनौतच, तेलीबाग वस्तीत माझ्याकडे राहिले. त्यांच्याकडे जुना जपानी रेंजफाइंडर कॅमेरा होता. त्याच्या छोट्या खिडकीतून पाहिलं की मधोमध एकाच माणसाच्या दोन फिकट प्रतिमा दिसत. लेन्सवरची कडी फिरवून त्या एकमेकींवर आणायच्या. जुळल्या की फोटो स्पष्ट. आईचे, माझे, शेजाऱ्यांचे, सब्जीवाल्या भैयाचे असे हजारो फोटो आप्पांनी काढले, तेही अगदी जवळून. "चेहरा दिसला पाहिजे," असं त्यांचं म्हणणं.

२०१२पासून त्यांचे फोटो पुसट यायला लागले. आप्पा स्टुडिओवाल्याला नावं ठेवायचे. मग ते चहात साखरेऐवजी मीठ घालायला लागले, जिन्यात भेटलेल्या शेजारणीला ओळख दाखवेनात. मी खेकसायचे, "आप्पा, लक्ष कुठे असतं तुमचं?" ते नुसते हसायचे. शेवटी डॉक्टरांकडे नेलं तेव्हा कळलं, डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी डाग पडलेत. कडेचं दिसत राहील, मधलं पुसट होत जाईल, आणि यावर ऑपरेशन नाही. त्या दिवशी आप्पांनी कॅमेरा कपाटात ठेवला. पुढे पेपर सुटला, फिरणं सुटलं. दिवसभर बाल्कनीत बसून राहायचे. माणूस माझ्या डोळ्यांदेखत विझत होता आणि मला काही सुचत नव्हतं.

उपाय काढला माझ्या लेकीने, हिमानीने. ती बंगळूरला नोकरी करते. २०१४च्या दिवाळीत आली ती नवा डिजिटल कॅमेरा घेऊन. "आजोबा, इसकी स्क्रीन पर चेहरा दस गुना बड़ा दिखता है. देखिए तो!"

आप्पांनी पाहिलं, पण त्या लेन्सची कडी नुसती गरगर फिरायची. किती फिरवली ते बोटांना समजेना. जुन्या लेन्सचे टप्पे त्यांच्या बोटांना पाठ होते. मग तीच लेन्स या कॅमेऱ्याला लावायची ठरली. अडचण एवढीच की ती सुटी होणारी नव्हती. ती काढायची म्हणजे जुना कॅमेरा कायमचा मोडायचा. पहिल्या पगारातून घेतलेली वस्तू. मला वाटलं, आप्पा हात लावू देणार नाहीत.

"मोडा खुशाल," आप्पा म्हणाले. "कपाटात ठेवून त्याची पूजा करायचीय का?"

काम दिलं जुन्या लखनौतल्या चौक भागातल्या अतहर मियाँना. संस्थेतले मायक्रोस्कोप तीस वर्षं तेच दुरुस्त करायचे, आप्पांचा फार विश्वास. त्यांनी लेन्स सोडवली, तिच्या पोटातली शटरची पाती उघडी ठेवून पक्की केली, नव्या कॅमेऱ्यावर बसेल अशी पितळी बैठक लेथवर घडवली, आणि लेन्स योग्य अंतरावर यावी म्हणून मध्ये कागदासारख्या पातळ चकत्या घातल्या. आठवडाभराने कॅमेरा घरी आला. आप्पांनी उत्साहाने तो बाल्कनीतून समोरच्या कडुनिंबावर धरला. कडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवली, पुन्हा फिरवली. झाड काही स्पष्ट होईना.

"राहू दे, विजू," ते म्हणाले. "माझे डोळेच गेलेत."

मी स्क्रीन पाहिली. माझ्या धडधाकट डोळ्यांनाही झाड पुसटच दिसत होतं! माझा पारा असा चढला म्हणता. आप्पांना आणि हिमानीला रिक्षात घातलं आणि थेट चौक गाठला. वाटेत अतहर मियाँना काय काय सुनावायचं याची मनात उजळणी चालू होती.

"मियाँ, दूर का कुछ भी साफ नहीं आता!" मी दुकानाच्या पायरीवरूनच सुरुवात केली. "आपने जाँचा भी था?"

"जाँचा था, बिटिया. कड़ी आख़िर तक घुमाई, और वो सामने वाला बोर्ड एकदम साफ़." त्यांनी समोर बोट दाखवलं. गल्लीपलीकडे चिकनकारीच्या कपड्यांच्या दुकानाचा बोर्ड होता. अंतर फार तर नऊ फूट.

हिमानी फिस्सकन हसली. मियाँनी बोर्डाकडे पाहिलं, मग कपाळावर हात मारला. आयुष्यभर मायक्रोस्कोपशी गाठ, बसायचं बोळात. त्यांनी दूर म्हणून समोरची भिंत धरली आणि लेन्स तिथेच थांबवली होती; नऊ फुटांपलीकडचं काही स्पष्ट येणारच नव्हतं.

"ग़लती हमारी है, साहब. ऊपर चलिए."

आप्पांचा हात धरून त्या सत्तरीच्या माणसाने त्यांना तीन मजले चढवले. गच्चीवर बसून लेन्स उघडली आणि ती आत सरकावी म्हणून एकेक चकती काढत दूरच्या मिनारावर नेम धरला. तिसरी चकती निघाली आणि मिनाराची वीट न् वीट उठून दिसली.

"अब नज़दीक का देख लीजिए, साहब. बिटिया पर."

आप्पांनी कॅमेरा माझ्याकडे वळवला. हिमानीने बटण दाबून चित्र मोठं करून दिलं. स्क्रीन डोळ्यांजवळ नेऊन, मान जराशी तिरपी करून, कडेच्या नजरेने पाहत ते कडी अगदी हळू फिरवत राहिले. मग त्यांची बोटं थांबली.

"विजू," ते म्हणाले, "तुझे केस कधी गं पांढरे झाले?"

"दोन वर्षं झाली रंगवायचं सोडून, आप्पा."

"मला बोलली नाहीस."

दोन वर्षं मी रोज त्यांच्यासमोर जेवायला बसत होते आणि रोज त्यांच्यावर ओरडत होते. डॉक्टरांच्या 'मधलं पुसट'चा अर्थ मला तेव्हा उमगला: त्यांना माझं तोंडच दिसत नव्हतं, आणि ते त्यांनी एकदाही सांगितलं नाही.

"तुम्ही तरी कुठे बोललात," मी म्हटलं. मी मियाँकडे वळून हात जोडले. भांडायला आलेल्या बाईने असे हात जोडलेले पाहून ते बिचारे गडबडून उभेच राहिले. त्या माणसाचे उपकार मी कशाने फेडू, मला आजही ठाऊक नाही. मी पदर डोळ्यांना लावला.

"पुसू नकोस," आप्पा कॅमेऱ्यामागून म्हणाले. "तशीच उभी राहा. दिसतंय मला."