जहर पिणारा मोती

बाई पालथी पडली होती आणि बापूंचा चेला तिच्या पाठीवर चामड्याचा पट्टा ओढत होता. सुरतेच्या चौटा बाजारामागचा बोळ, पत्र्याचा मांडव, भर दुपार, दोनशे माणसं. प्रत्येक फटक्याला सगळे मिळून आकडा म्हणत होते. अकराव्याला मोतीबापूंनी चिमट्यातला पांढरा मोती बाईच्या कपाळाला लावला, चिनी मातीच्या वाडग्यात बुडवला आणि वर काढला. मोती कोळशासारखा काळा. घाणेरडा वास सुटला. लोकांनी जयजयकार केला. रडणारी बाईसुद्धा हात जोडून हसली.

"डॉक्टर मशीन लगाता है," बापू म्हणाले. "ये दरिया का जिंदा मोती है. जहर पीता है, और रिपोर्ट के लिए कल नहीं बुलाता."

असले मोती ते विकतही होते. गळ्यात बांधायचा, दर अमावस्येला नवा घ्यायचा. जिवंत मोत्याचं आयुष्य एका महिन्याचं.

मी काशिनाथ. सुरतेतल्याच उधन्यात एका डाइंगमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, बावीस वर्षं काम केलं आणि बायको गेल्यावर नंदुरबारला परतलो. बाजार माझ्या ओळखीचा, म्हणून मेहुणा योगराज, त्याची बायको प्रमिलाबाई आणि मला फुवा म्हणणारी त्यांची मुलगी नूतन यांना लग्नाच्या खरेदीसाठी मीच सुरतेला आणलं होतं. नथ घेतली, मोत्यांचा तन्मणी घेतला. बांगड्या बघताना नूतन कोसळली. हातपाय झटकू लागले, तोंडाला फेस आला.

तिला लहानपणापासून फिट येते. गोळ्या सुरू झाल्यापासून चार वर्षांत एकदाही आली नव्हती. मग आज कशी? प्रमिलाबाईंनी मान खाली घातली. लग्नाला बारा दिवस राहिले म्हणून त्यांनीच गोळ्या बंद केल्या होत्या. सासरी बॅगेत गोळ्यांचं पाकीट सापडलं तर काय सांगायचं?

दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने बापूंचा पत्ता दिला. मी म्हणालो, दवाखान्यात नेऊ.

"दाजी, तुम्ही मधे पडू नका," योगराज म्हणाला. "दवाखान्यात नेलं की गावभर होईल. लग्न मोडलं तर पोर तुमच्या घरी ठेवाल का?"

मी गप्प बसलो. हे गप्प बसणं मला नवं नाही. माझी सरला, म्हणजे योगराजची बहीण, काविळीने आजारी होती तेव्हा भगताने तिला तापलेल्या विळ्याचे डाग दिले. तिचा उजवा हात मी धरला होता, डावा योगराजने. आठव्या दिवशी ती गेली.

मांडवात त्या बाईनंतर नूतनला पालथं पाडलं. पहिल्या फटक्याला ती ओरडली. पाचव्याला ड्रेस फाटला. अकराव्याला मोती बुडवला. पांढराच.

"भारी जहर है," बापू म्हणाले. "इक्कीस."

पंधराव्याला तिचा ओठ फरशीवर आपटून फुटला. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"फुवा," एवढंच ती म्हणाली.

मी धावलो. चेल्याने पट्ट्याचं बक्कल माझ्या तोंडावर मारलं, दुसऱ्याने बरगडीत लाथ घातली. दात तुटला. मी पडलो तो बापूंच्या चौरंगाशी. नाकासमोर दोन वाडगे होते. एकाला काहीच वास नव्हता. दुसऱ्याला नासक्या अंड्याचा.

हा वास मी बावीस वर्षं घेतलाय. काळा रंग चढवायला आम्ही टाकीत सोडियम सल्फाइड टाकायचो. घरी गेल्यावर सरला म्हणायची, आधी अंघोळ करा, मग बोला.

चेल्याने मला कॉलर धरून उठवलं. तेवढ्यात मघाशी मार खाल्लेली बाई आडवी आली. तिचं नाव वर्षा, हे नंतर कळलं. तिच्या पाठीतून अजून रक्त येत होतं.

"त्यांना काय करायचं ते करू द्या," ती म्हणाली. "मी अकरा खाल्लेत. मला बघायचंय."

चेला थबकला. मी चिमटा उचलला. बापूंच्या ताटातला एक मोती बापूंच्याच कपाळाला लावला आणि वास येणाऱ्या वाडग्यात बुडवला. काळा. दुसरा माझ्या चपलेला लावला. काळा. तिसरा कुणालाच लावला नाही. तोही काळा. मग चौथा दुसऱ्या वाडग्यात बुडवला. पांढराच राहिला.

"उसमें सादा पानी है," मी म्हणालो. "मारायचं असलं की सादं पाणी. पुरे झालं की सल्फाइड."

"ये पापी का हाथ है," बापू ओरडले. "पापी के हाथ में मोती मर जाता है."

प्रमिलाबाई पुढे आल्या. पिशवीतून त्यांनी लग्नाचा तन्मणी काढला, दातांनी दोरा तोडला आणि एक मोती माझ्या चिमट्यात दिला. तो त्याच घाण वासाच्या पाण्यात बुडवला. पांढराशुभ्र बाहेर आला. काळे होणारे मणी काचेचे होते, वर शिशाच्या सफेद्याचा हात दिलेला. सल्फाइड लागलं की शिसं काळं पडतं. यात दर्या नाही, जीव नाही आणि कुणाचं जहरही नाही.

मग जे व्हायचं ते झालं. ज्यांनी आकडे म्हटले तेच बापूंवर तुटून पडले. चेले पळाले. पट्टा माझ्या हातात आला. खोटं सांगत नाही, मी एक फटका मारला. सगळ्या जोरानिशी मारला. बापूंचा कान फाटला आणि मला बरं वाटलं. दुसऱ्यासाठी हात उचलला, तेव्हा नूतनचे पाय फरशीवर आपटताना दिसले. तिला पुन्हा फिट आली होती. दोनशे माणसांत एकही तिच्याकडे बघत नव्हता. सगळ्यांना मारायचं होतं.

पट्टा टाकला. तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली माझा सदरा दिला. योगराज रडत तिचे हात दाबून धरायला आला. मी म्हणालो, "सोड. यावेळी कुणी हात धरायचे नाहीत."

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, गोळ्या अचानक बंद केल्या म्हणून फिट आली. पाठीवर पंधरा वळ होते. संध्याकाळी नूतनने फुटक्या ओठाने होणाऱ्या नवऱ्याला, धर्मेंद्रला, स्वतः फोन लावला. योगराज थांबवायला उठला, प्रमिलाबाईंनी त्याला खाली बसवलं.

"मला फिट येते. गोळी रोज घ्यावी लागते आणि मी ती घेणार. विचार करून सांगा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्याने काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. हो म्हटलं असेल तर चमत्कार झाला म्हणाल, नाही म्हटलं असेल तर बापूच बरे होते म्हणाल. मला एवढंच सांगायचंय: आजार लपवू नका. घरातल्या माणसाला कुणी मारत असेल, तर आकडे मोजत उभं राहू नका, पहिल्याच फटक्याला विचारा, की मोती माझ्या चपलेला लावून दाखव. मी हे पंधराव्या फटक्यानंतर विचारलं. सरलाच्या वेळी तर विचारलंच नाही.